हिशोबाची वही : दुकानाची पाटी लावण्याआधी विम्याचं काय?



दिवाळीच्या आधी दोन-तीन महिने या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. कुणी घरातून फराळाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलेलं असतं, कुणी डबे सुरू करणार असतं, कुणी नोकरी सोडून छोटा गाळा भाड्याने घेतलेला असतो. प्रश्न असा असतो : "धंदा सुरू करताना कोणता विमा सक्तीचा आहे?"

एका ओळीत उत्तर द्यायचं तर, कायद्याने सक्तीचा विमा फार थोडा आहे. पण एवढ्यावर थांबलं तर तुमचं नुकसान होईल. का, ते माझ्या मावसबहिणीच्या अनुभवावरून सांगते.

ताई लग्नानंतर बडोद्याला गेली. तिथे मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे तिच्या चकल्या-अनारशांना पहिल्या वर्षापासून गिऱ्हाईक होतं. सुरुवातीला सगळं काम दुसऱ्या मजल्यावरच्या घरात चालायचं. बँकेतून कर्ज घेतलं, तेव्हा बँकेने मालाचा आणि यंत्रांचा विमा उतरवायला लावला. हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप कापला जायचा. पुढे काम वाढलं, दोन बायका मदतीला आल्या आणि तिने तळमजल्यावर गाळा घेतला. डीप फ्रीझर, चकलीचं यंत्र, पिठाची पोती, पॅकिंगचे डबे, सगळं तिकडे हललं.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. गाळ्यात छातीइतकं पाणी होतं. ओसरल्यावर ताईने फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अगं, विमा आहे ना, निभेल." तोवर तिने पॉलिसीचा कागद कधी वाचला नव्हता. तो बँकेच्या फाइलमध्ये होता. काढून पाहिला, तर विमा उतरवलेली जागा म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा पत्ता. तिथे पाण्याचा थेंबही आलेला नव्हता. गाळ्याचा पत्ता कुठेच नव्हता. दावा नाकारला गेला.

गाळा घेतल्याचं तिने बँकेतल्या साहेबांना सांगितलं होतं, पण तोंडी. लेखी अर्ज नव्हता, ई-मेल नव्हता. कर्जाचे हप्ते मात्र आजही चालू आहेत.

म्हणून आजच्या लेखात "विमा काढा" एवढंच सांगणार नाही. कागदावर लिहिलेला धंदा आणि प्रत्यक्षात चाललेला धंदा एकच असला पाहिजे, हे सांगणार आहे. जागा तीच, माल तेवढाच, वापर तोच, माणसं तेवढीच. यात फरक पडला की हप्ता भरूनही हात रिकामे राहू शकतात.

कायद्याने सक्तीचं काय?

तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा की हैदराबादला, विम्याचे नियम देशभर एकच आहेत. दुकान नोंदणीचे कायदे राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्रात ज्याला आपण गुमास्ता म्हणतो, त्याचं नाव आणि पद्धत दुसरीकडे वेगळी असते. पण लक्षात ठेवा, गुमास्ता, उद्यम नोंदणी किंवा खाद्यपदार्थांसाठीची एफएसएसएआयची नोंदणी ही परवानगीची कागदपत्रं आहेत. त्यातून नुकसानभरपाई मिळत नाही. "माझ्याकडे सगळी सर्टिफिकेटं आहेत" म्हणजे "माझा विमा आहे" असं होत नाही.

सक्तीचा विमा मुख्यतः तीन ठिकाणी येतो.

पहिलं, वाहन. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा, म्हणजे थर्ड पार्टी, हवाच. नसेल तर पहिल्या गुन्ह्याला 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 4,000 रुपये. इथे धंदेवाल्यांची एक चूक नेहमी होते. घरची स्कूटर किंवा कार खासगी वापराच्या पॉलिसीवर असते आणि तिच्यावरून रोज डबे पोहोचवले जातात. खासगी वाहनाच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा भाग असतो. भाड्याने वापर आणि मालाची वाहतूक त्यातून वगळलेली असते. तेव्हा डिलिव्हरीसाठी गाडी वापरणार असाल, तर विमा कंपनीला तसं लेखी कळवा आणि लागेल तो बदल करून घ्या. छोटा टेम्पो घेतला, तर तो पहिल्या दिवसापासून व्यावसायिक पॉलिसीवरच हवा.

दुसरं, कामगार. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असलेल्या माणसामागे मालकाने पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगाराने 0.75 टक्के भरायचे असतात. दहाच्या आत माणसं असतील तर काय, ते पुढे सांगते.

तिसरं, घातक रसायनं. 1984 च्या भोपाळ वायुकांडानंतर, 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. ठरावीक प्रमाणात घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना तो विमा सक्तीचा आहे. फराळ, शिवणकाम, ब्यूटी पार्लर, स्टेशनरी अशा धंद्यांना त्याची सहसा गरज पडत नाही. रंग, ॲसिड, कीटकनाशकं, ज्वालाग्राही द्रव्यं यांचा साठा करणार असाल, तर आधी चौकशी करा.

याशिवाय एक सक्ती कराराची असते. कर्ज देणारी बँक तारण मालाचा विमा मागते. एखाद्या कंपनीचं कॅन्टीन किंवा मॉलमधला स्टॉल घ्यायचा, तर करारात विम्याची अट असते. सही करण्याआधी ती अट वाचा, कारण तिचा खर्चही तुमच्या भावात धरायला हवा.

सक्ती नसली तरी जबाबदारी असतेच

आता ते दहाच्या आतल्या माणसांचं. "माझ्याकडे दोनच बायका आहेत, मला कुठला कायदा?" असं अनेकांना वाटतं. पण कामावर अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते. ही तरतूद 1923 च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मृत्यू झाल्यास भरपाईचा हिशोब असा करतात : महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. वय 30 असेल तर तो आकडा 207.98 आहे. म्हणजे महिना 12,000 रुपये पगार असलेल्या तीस वर्षांच्या कामगाराच्या कुटुंबाला 6,000 गुणिले 207.98, म्हणजे 12,47,880 रुपये.

उकळत्या तेलाची कढई, गॅस, ओली फरशी. आपल्या स्वयंपाकघरात हे रोजचं आहे. साडेबारा लाख रुपये कुठून आणणार? यासाठी "एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन" किंवा जुन्या नावाने "वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन" पॉलिसी असते. एजंट तिला नुसतं "डब्ल्यूसी" म्हणतात. तिच्यात माणसांची संख्या, त्यांचं काम आणि पगार लिहावा लागतो. हप्ता वाचवायला दोनच माणसं दाखवली आणि सणाला पाच ठेवली, तर उरलेल्या तिघांचं काय, हे स्वतःला विचारा.

दुसरी जबाबदारी गिऱ्हाइकाची. तुमचा पदार्थ खाऊन कुणाला इजा झाली, तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 मध्ये भरपाईची तरतूद आहे : मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेसाठी 3 लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी 1 लाखापर्यंत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष उत्पादनासाठी बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण आहे. यासाठीच्या विम्याला "प्रॉडक्ट लायबिलिटी" म्हणतात. आणि गिऱ्हाईक तुमच्या दुकानात पाय घसरून पडलं, त्याचा मोबाइल तुमच्या हातून फुटला, तर त्यासाठीची पॉलिसी "पब्लिक लायबिलिटी". नावं सारखी वाटतात, काम वेगळं आहे. एजंटला विचारताना "माझ्या पदार्थाने त्रास झाला तर?" आणि "माझ्या जागेत कुणी पडलं तर?" असे दोन सरळ प्रश्न विचारा.

जागा, यंत्रं आणि माल

छोट्या धंद्यासाठी एक पॉलिसी नावानिशी माहीत असू द्या : भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआयने, ती 1 एप्रिल 2021 पासून लागू केली. एका जागेवरची एकूण विमायोग्य किंमत 5 कोटी रुपयांपर्यंत असेल तर ही पॉलिसी. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर सारखाच असतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं अशा गोष्टी त्यात येतात.

काय येत नाही, तेही ऐका. रात्री कुलूप तोडून चोरी झाली, तर त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा लागतो. मूळ पॉलिसीत चोरी धरली आहे, पण ती आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली. यंत्र आतून बिघडलं, तर त्याचाही विमा वेगळा. फ्रीझर बंद पडून माल नासला तर काय, हे स्वतंत्रपणे विचारून घ्या. गल्ल्यातली आणि बँकेत नेतानाची रोकड, हाही वेगळा विषय.

सगळ्यात मोठी चूक होते ती रकमेत. हप्ता कमी यावा म्हणून माल कमी दाखवायचा. समजा गाळ्यात 8 लाखांचा माल आहे आणि विमा 4 लाखांचा. आगीत 2 लाखांचं नुकसान झालं. तुम्हाला वाटेल, 2 लाख तर 4 लाखांच्या आतच आहेत, पूर्ण मिळतील. तसं नाही. तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढला, म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे 1 लाख. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षामध्ये थोडी सवलत आहे. तूट 15 टक्क्यांपर्यंत असेल तर ही कपात होत नाही. 8 लाखांच्या मालाला 7 लाखांचा विमा असेल तर चालून जाईल. 4 लाखांचा असेल तर नाही.

फराळवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यायचं. तुमचा माल वर्षभर सारखा नसतो. मे महिन्यात चाळीस हजारांचा, तर दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात चार लाखांचा. विमा मे महिन्याच्या हिशोबाने काढलात, तर ऐन हंगामात तो अपुरा पडतो. सणाआधी रक्कम वाढवून घेता येते, तसा अर्ज वेळेत करा. आणि कच्च्या मालाची किंमत तुम्हाला पडलेल्या भावाने धरा. तयार मालासाठी कोणता भाव धरायचा, तो पॉलिसीत लिहिलेला असतो. विकायचा भाव मनाने लावू नका.

घरातूनच करत असाल तर

घराचा विमा असलेल्या घरात धंदा सुरू केला, तर दोन गोष्टी आपोआप होतील असं गृहीत धरू नका. एक, विक्रीचा माल घरविम्यात येतो. दोन, घराचा काही भाग धंद्याला वापरला तरी कंपनीला कळवायची गरज नाही. दोन्ही बाबतीत कंपनीला ई-मेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

गॅसचंही बघा. घरगुती 14.2 किलोचं लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी आहे. धंद्यासाठी ते वापरणं नियमाविरुद्ध आहे. त्यासाठी 19 किलोचं व्यावसायिक सिलिंडर असतं. तेल कंपन्यांनी गॅस ग्राहकांसाठी अपघात विमा घेतलेला असतो, पण मालमत्तेच्या नुकसानीचा भाग नोंदणी झालेल्या पत्त्याशी बांधलेला असतो. घरच्या नावाचं सिलिंडर गाळ्यात नेऊन वापरत असाल, तर अपघाताच्या दिवशी गॅसचा विमाही अडेल आणि तुमच्या आगीच्या विम्यातही वाद उभा राहील. व्यावसायिक सिलिंडर महाग पडतं हे खरं आहे. ते भावात धरा.

कागद कसे सांभाळायचे?

विमा कायदा, 1938 चं कलम 64 व्हीबी सांगतं की हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. "उद्या भरतो, तुम्ही आजपासून धरा" असं विम्यात चालत नाही. चेक परत गेला तर पॉलिसीचा कागद हातात असूनही उपयोग नाही. एजंटच्या स्वतःच्या खात्यावर हप्ता पाठवू नका. थेट कंपनीला भरा, पावती ठेवा.

प्रस्तावाचा अर्ज एजंट भरून देतो आणि आपण सही करतो. सहीआधी पाच मिनिटं द्या. धंद्याचं वर्णन काय लिहिलंय? "किराणा दुकान" लिहिलंय आणि तुम्ही तळणीचं काम करता, असं तर नाही? पत्ता मजल्यासकट बरोबर आहे? माल दोन ठिकाणी असेल तर दोन्ही लिहिलेत?

काहीही बदललं, जागा, यंत्र, माल, भागीदार, तर लेखी कळवा आणि पॉलिसीत बदल करून घ्या. या बदलाच्या कागदाला "एंडोर्समेंट" म्हणतात. तो हातात येईपर्यंत बदल झाला असं समजू नका. बँकेमार्फत विमा असेल तर बँकेला आणि कंपनीला, दोघांनाही कळवा, आणि पॉलिसीची प्रत मागून घ्या. ताईचं सगळं या एका कागदावर अडलं.

मोबाइल हातात आहेच, तर महिन्यातून एकदा गाळ्याचा व्हिडिओ काढा. यंत्रांची बिलं, मालाच्या पावत्या, पॉलिसी यांचे फोटो स्वतःलाच ई-मेल करून ठेवा. पुरात कागदी बिलं भिजली तरी ई-मेल भिजत नाही. नुकसान झाल्यावर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सर्वेअर येऊन पाहीपर्यंत माल फेकू नका. आरोग्याच्या कारणाने फेकावाच लागला, तर आधी फोटो काढा, वजन लिहा आणि कंपनीला तसं कळवा.

दावा नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. नियामकाच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. हे फक्त आरोग्य विमा किंवा आयुर्विम्यापुरतं नाही. एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योगही तिथे जाऊ शकतात. फी नाही, वकील लागत नाही. लोकपाल 50 लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देऊ शकतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे ही कार्यालयं आहेत, इतर राज्यांसाठीही ठरलेली आहेत.

पैसे थोडे असतील तर आधी काय?

सुरुवातीला सगळं एकदम घेणं कुणालाच जमत नाही. माझ्या मते क्रम असा ठेवा.

1. वाहनाचा विमा, खऱ्या वापराप्रमाणे. ही कायद्याची सक्ती आहे.

2. जागा, यंत्रं आणि मालाचा विमा, पूर्ण रकमेचा. कर्ज असेल तर हा टाळूच नका.

3. एक जरी माणूस कामाला असेल, तर कामगार भरपाईचा विमा.

4. खाण्याचे किंवा अंगाला लावायचे पदार्थ विकत असाल, तर प्रॉडक्ट लायबिलिटी.

5. स्वतःचा आरोग्य विमा. छोट्या धंद्यात मालक आजारी पडला की दुकान बंद. वैयक्तिक आरोग्य विम्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी लागत नाही, एवढा तरी भार कमी झाला आहे.

आणि एक अगदी लहान गोष्ट आजच करता येईल. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत मिळते. वय 18 ते 70, बँकेत किंवा पोस्टात खातं हवं. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास 2 लाख रुपये. तुमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकीचं खातं बघा, योजना सुरू नसेल तर करून द्या, आणि ते वीस रुपये तुम्ही भरा. यामुळे मालक म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, पण तिच्या घराला एक आधार राहतो.

ताईने गाळा सोडला नाही. भिंतींना नवा रंग दिला, जुनं यंत्र दुरुस्त करून घेतलं, पिठाची पोती आता लोखंडी मांडणीवर उंच ठेवते. नवी पॉलिसी तिने स्वतः वाचून घेतली, नाही समजलं ते एजंटला तीनदा विचारलं. तिची एक प्रत गाळ्यात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली आहे. गेल्या दिवाळीत ऑर्डरी वाढल्यावर तिने आधी पिठाची मागणी नोंदवली नाही. आधी कंपनीला ई-मेल केला, की माल वाढतोय, रक्कम वाढवा.

तुमचा धंदा आधीच चालू असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर पॉलिसी काढा आणि फक्त चार गोष्टी बघा : पत्ता, धंद्याचं वर्णन, मालाची रक्कम, माणसांची संख्या. चारही आजच्या परिस्थितीशी जुळत असतील तर निवांत झोपा. एखादी जुळत नसेल, तर उद्या सकाळी पहिलं काम तेच करा.

पुढच्या वेळी भेटू, अशाच एखाद्या हिशोबासह.